राजाबाईंचं एक ‘हो’

राजाबाई पाटोळे मिशनच्या फिरत्या सुवार्तिक होत्या. त्यांचे यजमान अंबरनाथच्या कारखान्यात लोहारकाम करायचे. ते विषमज्वरानं गेले तेव्हा राजाबाई तिशीच्या आत होत्या आणि मूलबाळ नव्हतं. माहेर नगरकडचं, तिथल्या मिशनच्या शाळेत चार इयत्ता झालेल्या. आवाज चांगला होता आणि चालायची सवय होती. तेवढ्यावर मिशननं त्यांना कामाला घेतलं आणि चव्वेचाळीस सालापासून त्या चालत राहिल्या.

आठवड्याचे दोन दिवस अंबरनाथच्या कामगारांच्या चाळी. शुक्रवारी बदलापूर, आणि तिथून बारवी नदीकडच्या पाड्यांवर. खांद्याला कापडी पिशवी असे. तीत पवित्र शास्त्र, भजनांची वही, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या आणि खरजेचं मलम. पाड्यावरच्या जनी नावाच्या एका म्हातारीनं त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “तुजा देव ऱ्हाऊ दे बाजूला, पयलं मलम काढ.” राजाबाई हसल्या आणि त्यांनी आधी मलम काढलं. माझे वडील अंबरनाथच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच असल्यामुळे रविवारी उपासनेनंतर त्या आमच्याकडे जेवत, आणि आठवडाभराच्या अशा गोष्टी आम्हाला सांगत.

फाळणी झाली आणि कल्याण कॅम्पच्या, म्हणजे पुढच्या उल्हासनगरच्या, लष्करी बराकी निर्वासितांनी भरल्या. अठ्ठेचाळीसपासून राजाबाईंचा बुधवार तिकडे जाऊ लागला. शिवमंदिराजवळ वालधुनी नदी ओलांडून त्या पायी पाच नंबरच्या कॅम्पात पोचत. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. सिंधी राजाबाईंना येत नव्हतं, त्या बायकांना मराठी येत नव्हतं. दोन्हीकडच्या मोडक्या हिंदीवर सगळं चालायचं. प्रवचन असं तिथं त्यांनी फार कधी केलंच नाही. कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाच्या तापल्या पोरीला दवाखान्यात ने, नळावर कुणाची हंडी धर, आणि शेवटी बायका म्हणाल्या तर एक भजन.

तिथं त्यांना ईश्वरी भेटली. सिंधमधल्या नवाबशाहची, बत्तीस वर्षांची बाई. नवरा टेकचंद दुकानाची निरवानिरव करायला मागं राहिला होता आणि पुढच्या आगबोटीनं येतो म्हणाला होता. ईश्वरी मोहिनी आणि गोपी या दोन मुलींना घेऊन कराचीहून मुंबईला उतरली. त्याला दहा महिने झाले होते. ना माणूस, ना कागद. बराकीतल्या बायका तिला आडून आडून सुचवू लागल्या होत्या की आता बांगड्या उतरव.

ईश्वरी राजाबाईंना अदी म्हणायची, म्हणजे ताई. दर बुधवारी ती एकच सांगे: तुमच्या देवाला विचारा. राजाबाई तिच्या शेजारी बसून प्रार्थना करत आणि निघून येत. असे पाच-सहा बुधवार गेले. एका बुधवारी ईश्वरीनं त्यांचा हात धरला आणि सोडेना.

“अदी, भगवान ने कुछ बोला? वो जिंदा है?”

राजाबाई म्हणाल्या, “हो.”

एवढंच. पुढं कितीतरी वर्षांनी त्यांनी मला सांगितलं, की त्या बाईच्या चेहऱ्याकडं पाहून तोंडातून निघून गेलं. ते खोटं आहे असं त्या क्षणी वाटलंही नाही. उलट आपल्यामार्फत कुणीतरी बोललं असं वाटलं आणि घरी येईपर्यंत त्या भजन म्हणत आल्या.

ईश्वरी बदलली. केस विंचरू लागली, मुलींना शाळेत घालून आली, पापड लाटून विकू लागली. बराकीतल्या बायकांची तोंडं बंद झाली. राजाबाईंनी हे आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना कौतुकानं सांगितलं. पाळकसाहेबांनी ते मुंबईला कळवलं आणि मिशनच्या इंग्रजी वार्षिक अहवालात छापून आलं: निर्वासित स्त्रीला लाभलेली आशा. सोबत ईश्वरीचा फोटोही होता. उपासनेत त्या मजकुराचं भाषांतर वाचून दाखवलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी वळून राजाबाईंकडं पाहिलं होतं.

एकोणपन्नासच्या अखेरीला ईश्वरीचा भाऊ अजमेरहून आला. तिथं त्याचा जम बसला होता, राहायला पक्कं घर होतं. तो बहिणीला आणि भाच्यांना न्यायला आला होता. ईश्वरी नाही म्हणाली. नवरा येईल तो कॅम्पातच शोधत येईल, मग आपण इथं नको का? भावानं चार दिवस समजावलं. शेवटी तो राजाबाईंना भेटला आणि म्हणाला, बहिणीला तुम्ही सांगा, ती तुमचंच ऐकते. राजाबाईंनी ईश्वरीला जा म्हणून सांगून पाहिलं. पण का जा, ते सांगायचं तर ते ‘हो’ आपलंच होतं हे कबूल करावं लागलं असतं, आणि ते त्यांना जमेना. भाऊ चिडून एकटा परतला.

पुढच्या पावसाळ्यात कॅम्पात हगवणीची साथ आली. गोपी सात वर्षांची होती. तीन दिवसांत गेली. राजाबाईंनी तिला आंघोळ घातली, केस बांधले. ईश्वरी रडत नव्हती. ती म्हणत होती, ते आले की पहिल्यांदा गोपीला विचारतील, मी काय सांगू? राजाबाईंनी तेव्हा खरं बोलायला हवं होतं. त्या बोलल्या नाहीत. पोरीच्या प्रेताजवळ बसून आणखी एक माणूस कसा मारायचा, असं त्यांना वाटलं. अजमेरला गेली असती तर गोपी जगली असती का, हे कुणी सांगू शकत नाही. पण राजाबाईंनी त्याचं उत्तर स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

एक्कावन्नच्या दिवाळीनंतर नवाबशाहचा एक माणूस नातेवाइकांना शोधत कॅम्पात आला. टेकचंद कराचीच्या वाटेवरच मारला गेला होता. ईश्वरीची आगबोट मुंबईला लागली त्याच आठवड्यात. ईश्वरीनं राजाबाईंना पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तो जाऊन दहा महिने झाले होते.

त्यानंतरच्या बुधवारी राजाबाई बराकीत शिरल्या आणि त्यांना आधी ईश्वरीचे रिकामे हात दिसले. ईश्वरीनं चटई टाकली, पाणी दिलं, समोर बसली.

“अदी, उस दिन भगवान ने बोला था, या तुम बोली?”

पळवाट होती. माणसाला देवाचं बोलणं नीट कळत नाही, असं म्हणता आलं असतं. ऐकणारीनं कदाचित मानलंही असतं.

“मैं बोली,” राजाबाई म्हणाल्या.

ईश्वरीनं चटईचा काठ सरळ केला. मग म्हणाली, “तो भगवान का कसूर नहीं।” राजाबाईंनी पाणी पिऊन ठेवलेलं भांडं तिनं मोहिनीला घासायला दिलं. “अब मत आना।”

राजाबाई तिथून सरळ पाळकसाहेबांकडं गेल्या. ते म्हणाले, झालं ते वाईट झालं, पण हेतू चांगला होता, आता पुढच्या अहवालात त्या बाईचा उल्लेख करू नका म्हणजे झालं. राजाबाई म्हणाल्या, ज्या मंडळीपुढं ती आशा वाचून दाखवली, तिच्यापुढंच मला हे सांगायचंय. पाळकसाहेबांनी विचारलं, “तुमच्या मनाच्या समाधानासाठी चारचौघांचा विश्वास ढळवणार का?”

त्या रविवारी राजाबाई उपासनेत उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. मी दहा वर्षांची होते. त्यांचा आवाज कापत नव्हता. त्या खाली बसल्या. मग मागून कुणीतरी घाईनं गाणं सुरू केलं आणि सगळे त्यात सामील झाले. त्या दिवशी त्या आमच्याकडं जेवायला आल्या नाहीत. आईनं बोलावलंही नाही.

दोन महिन्यांत मिशनचं पत्र आलं. परदेशी मंडळी परत चालली आहेत, मदत आटली आहे, फिरतीचं काम बंद करावं लागत आहे. ते खरं असेलही. पण कर्जत आणि कल्याणच्या सुवार्तिक बाया कामावर राहिल्या, फक्त राजाबाईंची फिरती बंद झाली.

त्या एका शाळेत मुलींना शिवण शिकवू लागल्या. शुक्रवारी सुट्टी मागून घ्यायच्या आणि बारवीकडं जायच्या. आता त्या कुणाच्या वतीनं जात नव्हत्या. मलम स्वतः आणायच्या. पाड्यावर जनी शेवटचं आजारी पडली तेव्हा सहा दिवस तिच्याजवळ होत्या. पुढं काय आहे म्हणून जनीनं विचारलं, तर म्हणाल्या, मी इथं आहे, एवढं मला ठाऊक आहे.

ईश्वरी त्यांना पंचावन्न साली उल्हासनगरच्या बाजारात दिसली. तिनं पापडांची गादी मांडली होती, मोहिनी शेजारी होती. राजाबाई समोर उभ्या राहिल्या. ईश्वरीनं ओळखलं, यात शंका नाही. उडदाचे हवेत की तांदळाचे, असं तिनं विचारलं, बांधून दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. राजाबाई तो पुडा घेऊन घरी आल्या.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात माझ्या आईच्या पोटात गाठ निघाली. तोवर राजाबाईंशी आमचं जाणं-येणं तुटलेलं होतं. तरी त्या आपण होऊन आल्या. आईचं अंग पुसायच्या, पेज भरवायच्या. पाळकसाहेबही येत, आणि प्रभू नक्की उठवील असं सांगून जात. ते ऐकून आई दोन घास जास्त खायची. एकदा मी राजाबाईंना मोरीशी गाठलं आणि विचारलं, आई बरी होईल ना?

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “मी उद्या येते.”

त्या दुसऱ्या दिवशी आल्या, आणि पुढचे एकोणीस दिवसही. आई गेली तेव्हा तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. दफनानंतर मी त्यांना नाही नाही ते बोलले. म्हटलं, एक शब्द दिला असता तर तुमचं काय जात होतं? तेव्हा त्यांनी मला ईश्वरीची ही हकिकत पहिल्यापासून सांगितली. देवळात ऐकली होती, पण तो हात धरणं, ते भांडं, ती पापडांची गादी, हे तेव्हाच कळलं.

त्यांचं म्हणणं मला समजलं. पण मी सोळा वर्षांची होते आणि मला त्या वेळी खरं नको होतं, एक हो हवं होतं. ते त्यांनी दिलं नाही याचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही.