माझा संशय

आमच्या जिल्ह्यातल्या एका बालसुधारगृहात मी आठवड्यातून एकदा गणित शिकवायला जायचो. तिथल्या सोळा वर्षांच्या एका मुलाचा मला संशय यायचा. ढोकीकडून आलेल्या लहान पोराला तो क्षणभर एकटं सोडत नसे, जेवतानाही त्याला खेटून बसे. मोठी पोरं लहानांना मारतात, कपडे धुवायला लावतात, हे मी ऐकून होतो. मी अधीक्षकांना सांगितलं. त्यांनी त्याची खोली बदलली.

पुढच्या आठवड्यात लहान्याचा ओठ फुटलेला होता.

मोठा म्हणाला, "सर, म्या त्याला राखत होतो. मला कुणी राखलं न्हाय. तुम्ही एकदा विचारायचं तरी."

मी अधीक्षकांकडे चूक कबूल केली. दोघं पुन्हा एका खोलीत आले. मोठा मात्र वही दाखवायला परत कधी माझ्याजवळ आला नाही.