लेंड्यांची ऊब

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मुद्दाम सांगतो, कारण ते मला कुणी फुकट दिलेलं नाही. हायकू मला कॉलेजच्या ग्रंथालयात भेटला आणि पटला. त्याला मोठमोठे शब्द लागत नाहीत. आंबेगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो, तेव्हा आठवीच्या फळ्यावर एवढंच लिहिलं : जपानी कविता. तीन ओळी. पाच, सात, पाच अक्षरं. डोळ्यांनी पाहिलेलं, अंगाला लागलेलं, तेवढंच.

“सर, जपानात कांदा लावत्यात का?” मागून आवाज आला.

“लावत असतील. तू तुझ्या कांद्यावर लिही.”

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी चंद्र आणि फुलं आणली. मी वह्या परत केल्या. मग एका मुलीनं वही पुढं केली. तिचा बाप अजून मेंढरं राखतो. शेतकरी बोलावतात, कळप वावरात बसतो, आयतं खत होतं, आणि सकाळी बिऱ्हाड पुढं सरकतं. मुलगी चुलत्याकडं राहून शिकत होती. तिनं उभं राहून वाचलं :

मेंढरं गेली
वावरात उरली
लेंड्यांची ऊब

वर्ग खदखदून हसला. “अय्य, लेंड्या!” हसणाऱ्यांत बागायतदाराची एक मुलगी होती, ती मधेच थांबली.

“खरंय, सर. आमच्या वावरात बसली व्हती मेंढरं. सकाळी अनवाणी गेलं की पायाला लई गरम लागतं.”

हसू विरलं. मी म्हणालो, “या वर्गात लिहिलेली सगळ्यात चांगली ओळ ही.” मेंढरांचा विषय निघाला की मान खाली घालणारी ती पोरगी त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत ताठ बसली होती.

शाळेच्या वार्षिक अंकाचं काम माझ्या एका सहकाऱ्याकडं होतं. सहा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. मुलांचे हायकू मी ज्या वहीत उतरवून ठेवले होते, ती त्यानं मागितली. मी म्हणालो, “देतो, पण बदल नको.” तो म्हणाला, “राव, माझ्यावर भरवसा न्हाई का? काना-मात्रा हलणार न्हाई.”

अंक आला. पान उघडलं :

मेंढरं गेली
वावरात उरली
आठवण गोड

खाली ‘मार्गदर्शक’ म्हणून त्याचं नाव. शेवटच्या ओळीत अक्षरं सहा. ज्यानं मार्गदर्शन केलं, त्याला पाचपर्यंत मोजायची गरज वाटली नव्हती.

मी स्टाफरूममध्येच त्याला धरलं.

“अहो, शिक्षणाधिकारी साहेब येणार व्हते प्रकाशनाला,” तो म्हणाला. “त्यांच्या हातात लेंड्या द्यायच्या का? पोरीचं नाव छापलंय ना? मग?”

“आणि माझ्या जागी तुझं?”

“संपादक मी आहे, भाऊ. एवढं काय मनाला लावून घेता?”

बाकीचे चहा पीत राहिले. एकजण तर म्हणाला, “गोडच झालंय की.” त्या दिवसापासून मी डबा वेगळा खातो. पण त्याच्यावरचा राग मला पेलत होता. पेललं नाही ते दुसरंच.

मधल्या सुट्टीत ती मुलगी अंक घेऊन आली.

“सर, माझी ओळ घाण व्हती ना? मग तवाच का न्हाई सांगितलं?”

“घाण नव्हती. मी बदलली नाही ती.”

“वही तर तुमीच दिली.”

वर्गात मी तिची खरी ओळ पुन्हा फळ्यावर लिहिली, चूक माझी म्हणून सांगितलं. तिला विचारल्याशिवाय वही द्यायला नको होती, हेही सांगितलं. पोरांनी ऐकलं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

पुढच्या आठवड्यात तिची वही आली. अक्षर वळणदार, समासही आखलेला :

मोर नाचतो
फुलबाग हसते
वारा गातसे

मी तिला जवळ बोलावलं. “हे कुठं पाहिलंस गं?”

“पाहिलं न्हाई, सर,” ती म्हणाली. “पण असलं छापत्यात.”