ट्रक पुलावर बंद पडायचा

आबांनी तोंडानं काही मागितलं, ही आमच्या घरात बातमीच होती. परसातले यंत्रमाग भंगारात गेले आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली. गोळ्या झाल्या, तळपायाला तेल चोळून झालं. दिवसभर खुर्चीत नुसते डोळे उघडे ठेवून बसायचे. अशात एका रविवारी दुपारी मला म्हणाले, "तुजा त्यो ट्रकचा गेम हाय का गं अजून?"

होता. शाळेत असताना हट्ट करून घ्यायला लावलेला कॉम्प्युटर कोपऱ्यातच होता, कारण आमच्याकडे कुठलीच वस्तू टाकून देत नाहीत. त्या गेममध्ये डोंगरातल्या रस्त्यानं ट्रक चालवून माल पोचवायचा. आबांना तो माझ्यापेक्षा जास्त आवडायचा. केसांत सुताचं तूस तसंच घेऊन ते माझ्याशेजारी स्टूल ओढून बसत. तेवढा वेळ मागांकडे आई बघायची. मागांचा एवढा खडखडाट, की इंजिनाचा आवाज पूर्ण सोडला तरच कानावर यायचा, आणि आम्ही बोलायचो ते ओरडूनच. "आगं, ब्रेक मार की" हे तर शेजाऱ्यांनाही पाठ झालं होतं. काय दिवस होते ते. आता घरात भिंतीवरच्या घड्याळाचीसुद्धा टिकटिक ऐकू येते.

मी गेम लावला. ट्रक पुलापर्यंत नीट गेला आणि पुलावर स्क्रीन काळी, मशीन बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग इंटरनेटवर सांगितलेलं सगळं करून पाहिलं. ग्राफिक्स इतके कमी केले की डोंगरांचे नुसते खोके झाले. ड्रायव्हर काढून नवीन टाकला. गेमच पुसून परत घातला. तरी ट्रक पुलाच्या पुढं काही जाईना. मी चिडले की माझी जीभ आवरत नाही. त्या पुलाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आबा दरवेळी "ऱ्हाऊ दे" म्हणायचे, पण उठायचे नाहीत. त्यांचं ते न उठणं मला बघवत नव्हतं.

शेवटी एखादी वायर ढिली झाली असेल म्हणून टेबलाखाली वाकले, तर हाताला टॉवेल लागला.

आमच्या घरात टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांच्या अंगावर टॉवेल असतो. माग चालू असताना तूस घरभर उडायचं, तेव्हाची ही आईची सवय. माग गेले, सवय राहिली. मी गेम लावला की ती गुपचूप येऊन कॅबिनेटवर टॉवेल घालून जात होती, पाठीमागचा पंखा पुरता झाकला जाईल असा. आणि मला तो दिसतच नव्हता. लहानपणापासून बघून बघून टॉवेल मला त्या वस्तूचाच भाग वाटतो.

"आई, यानं मशीन तापतंय. म्हणून बंद पडतंय."

"मंग तूस बसू देऊ व्हय त्याच्यावर?"

"आता कुठलं तूस?" मी म्हणाले. आईनं टॉवेल ओढून हातात घेतला.

कॅबिनेट उघडलं, तर आतल्या पंख्यावर लाल-हिरवं तूस गच्च बसलेलं. इतक्या वर्षांचं. मी ते ब्रशनं काढत होते, तेव्हा आबांनी हात पुढं केला. थोडं तूस बोटांत चोळून बघितलं.

"आपलंच हाय," म्हणाले.

 मी झाकण लावलं आणि गेम चालू केला. या वेळी आबांनी ट्रक पुलावरून सरळ पलीकडं नेला आणि रस्त्याच्या कडेला उभा केला.

"माल पोचवायचाय की आबा अजून."

"ऱ्हाऊ दे हितंच. आवाज वाडव जरा."

मी आवाज पूर्ण सोडला. उभ्या ट्रकच्या इंजिनाची घरघर घरभर झाली, कपाटाच्या काचा थरथरायला लागल्या. आबांनी मान मागं टाकली. थोड्या वेळानं बघते, तर ते घोरत होते.

"माग चालू असला की असंच निजायचे," आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "बंद पडला की जागे."

टॉवेल अजून तिच्या हातातच होता. तिनं एकदा कॉम्प्युटरकडं बघितलं आणि तो आबांच्या पायांवर घातला. ट्रक संध्याकाळपर्यंत पुलापलीकडं तसाच उभा होता. इंजिन कुणीच बंद केलं नाही.