मशीनला लावलेलं सलाईन

सलाईनच्या नळीवर नखाने टिचकी मारायची, नळी उजेडासमोर धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि स्वतःशीच म्हणायचं, "कोरडं सोडायचं नाही." आमच्या सोसायटीतल्या सिस्टर हे जन्मभर पेशंटच्या उशाशी करत आल्या होत्या. मी मात्र त्यांना ते एका मशीनच्या उशाशी करताना पाहिलं. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही माझ्यासारखेच आधी हसला असतात.

सिस्टर हे काही त्यांचं नाव नव्हे, पण बिबवेवाडीतल्या आमच्या तीन मजली इमारतीत त्यांना कोणी दुसऱ्या नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. मूळच्या नागपूरच्या. पुण्यात सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेलेला. वॉर्डात खाटेच्या नंबराने बोलायची सवय लागली ती घरीही सुटली नाही. आम्ही त्यांच्या बरोबर खाली, दोनशे तीन नंबरच्या फ्लॅटमध्ये राहतो, म्हणून मी 'दोनशे तीन'. माझी बायकोही 'दोनशे तीन'. चहाला बोलवायचं असलं की, दोन्ही दोनशे तीन वर या, असा निरोप यायचा.

त्यांचा एकुलता एक मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होता. दिवसभर कीबोर्ड बडवून आलेल्या माणसाला हाताने काहीतरी करावंसं वाटतं, हे मी त्याच धंद्यातला असल्यामुळे सांगू शकतो. त्याने सुटे भाग मागवून एक छोटं सीएनसी मशीन जोडलं आणि स्वयंपाकघराबाहेरच्या बाल्कनीत बसवलं. कॉम्प्युटरने आखून दिलेल्या रेघेवरून कटर फिरतो आणि धातू कापत जातो, एवढंच ते मशीन. यावर काय बनवतोस, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, मशीनचेच पार्ट. आतून सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे मशीन मशीनसाठी राबतंय आणि भांडी मी घासतेय."

ॲल्युमिनियम दिसतं मऊ, पण कोरडं कापलं तर तापतं आणि कटरलाच चिकटून बसतं. कटरच्या टोकावर सतत काहीतरी ओलं, तेलकट पडत राहावं लागतं. त्यासाठी जी नळी लावायची, ती जागेवर धरायला एक पकड हवी होती, आणि तो नेमकी तीच पकड ॲल्युमिनियमच्या एका जाड पाटीतून कापत होता. पकड नव्हती, म्हणून पकड कोरडीच कापायला घेतली. अर्ध्यात कटर चिकटला आणि मोडला. दुसरा मागवतो म्हणाला, आणि त्याच आठवड्यात त्याला ताप आला. ताप म्हणता म्हणता रक्ताचा आजार निघाला. काही महिने दवाखान्यात गेले, मग घरी आणलं. सिस्टरनी घरी स्टँड आणला होता. सलाईन त्याच लावायच्या. दिवाळीच्या आधी तो गेला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, नागपूरचे नातेवाईक परतले आणि मशीनवर चादर पडली. एका कॉलेजातली रोबोट बनवणारी मुलं त्याच्या ओळखीची होती. मशीन आम्हाला द्या, आम्ही नीट वापरू, असं विचारायला ती आली. सिस्टर त्यांना म्हणाल्या, आत्ता नाही. मग जिना उतरून आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दोनशे तीन, तुम्हाला ते चालवता येतं?"

मी म्हटलं, कॉम्प्युटरचं बघेन, पण बाकीचं मला येत नाही.

"बाकीचं मी बघते. त्याचं काम अर्धं राहिलंय. ते पुरं करायचं आणि मग मशीन द्यायचं."

त्या पाटीवर त्याच्या हातचं अर्धं काम होतं. कटर पुन्हा चिकटला असता, तर तेही फाटून गेलं असतं. नवी पाटी आणून नवी पकड सहज करता आली असती, पण मग ती त्याची झाली नसती. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही, त्यामुळे त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

म्हणून आधी सराव. स्वारगेटजवळच्या एका भंगारवाल्याकडून मी ॲल्युमिनियमचे तुकडे आणले, नवे कटर मागवले आणि ती पाटी न हलवता तुकडे तिच्या शेजारी आवळले. पहिल्याच तुकड्यात मशीन किंचाळलं आणि कटरवर धातूचा गोळा बसला. मी इंटरनेटवर वाचून वाचून फवाऱ्याची युक्ती सुचवली, हवेच्या जोराने कूलंटचं, म्हणजे त्या तेलकट पाण्याचं, धुकं मारायची. सिस्टरनी विचारलं, ते धुकं मग जातं कुठे? मग त्यांनीच सांगितलं, की ते तुमच्या आणि माझ्या फुफ्फुसात जातं, तेव्हा नको. मग ब्रश आला. ब्रशने कूलंट लावताना त्यांचा हात थरथरायचा, आणि फिरत्या कटरजवळ तो थरथरता हात मला बघवत नसे.

एका रविवारी वर गेलो तर मशीनशेजारी तो स्टँड उभा. मी लगेच ओळखला. त्यावर बाटली, नळी, थेंब कमीजास्त करायचं चाक, सगळं जागच्या जागी. बाटलीत पाण्यात कालवलेलं कटिंग ऑइल होतं, दुधासारखं पांढरं. सांडलेलं गोळा करायला खाली परात. सिस्टर म्हणाल्या, "चांगला स्टँड आहे. उगाच पडून होता."

आवाजाची तक्रार घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी वर आले, ते मशीनला लागलेलं सलाईन बघून दारातच थबकले. हे काय, असं त्यांनी विचारलं. सिस्टर मान न वळवता म्हणाल्या, "पेशंट आहे. भेटायची वेळ चार ते सहा." सेक्रेटरी निमूट खाली गेले आणि पुन्हा कोणी आवाजाचं नाव काढलं नाही.

सगळा हिवाळा सराव चालला. थेंब कमी पडले की मशीनचा आवाज चढायचा, आणि मला काही कळायच्या आत सिस्टर चाक सैल करायच्या. पडलेला कीस मनगटाच्या आतल्या बाजूवर ठेवून बघायच्या, बाळाचं दूध बघतात तसा. कोमट असला की मान हलवायच्या. त्या दिवसांत त्या पुन्हा वेळेवर जेवू लागल्या, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं. तयारी कधीच झाली होती, तरी सिस्टर दर वेळी पुढच्या रविवारी करू म्हणायच्या, आणि मीही बरं म्हणायचो. हे संपू नये असं मलाही वाटत होतं.

शेवटी एका दुपारी त्यांनी पाटीत रुतलेलं कटरचं मोडकं टोक चिमट्याने उपसून काढलं. पाटी तिला मशीनवर आवळून धरणाऱ्या पट्ट्यांखाली जराही हलली नव्हती, त्यामुळे सुरुवातीची जागा सापडली. पकड नीट निघाली, हे आधीच सांगून टाकतो. मशीन आता त्या मुलांकडे आहे आणि पकड मशीनवर. मशीन दिल्यावर सिस्टर भावाकडे नागपूरला गेल्या आणि तिथेच वारल्या. झोपेत गेल्या, असं भावाने फोनवर सांगितलं. वर आता एक तरुण जोडपं राहतं, चांगली माणसं आहेत. बाल्कनीत त्यांचं वॉशिंग मशीन आहे. ते सुरू झालं की मला सिस्टरची फार आठवण येते.

त्या दुपारचं एक मात्र मी कोणाला सांगितलेलं नाही. कापून झालं तरी पकड पाटीपासून सुटत नाही. ती उडू नये म्हणून कडेला चार बारीक दांड्या मुद्दाम शिल्लक ठेवतात, आणि त्या शेवटी हाताने कापायच्या असतात. मशीन थांबलं. सिस्टरनी चाक फिरवून थेंब बंद केले, सगळं स्वच्छ पुसलं. मी करवतीचं पातं त्यांच्या हातात दिलं. तीन दांड्या त्यांनी सराईतपणे कापल्या. चौथीवर पातं टेकवलं आणि तशाच उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी पातं माझ्यापुढे धरलं.

"त्याच्या हातातली सुई शेवटी मीच काढली होती," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही करा."

मी कापायला लागलो तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. पकड सुटून माझ्या हातात आली. आवाज थांबलेला ऐकून त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्याने रडल्या.