आवाज कशाचा येत होता?

ऑफिसात कागद साठतात तसे माणसाजवळ किस्से साठतात. कागदाचं बरं असतं, त्याला आवक नंबर पडतो. किस्से आपले कुठंही पडून राहतात आणि नको तेव्हा हाताला लागतात! दर शनिवारी शिरूरहून निमोण्याच्या शाळेत जायला लागल्यापासून माझ्याकडं असे बरेच साठलेत.

ही योजना शाळेच्या मॅडमची. सहावी-सातवीच्या प्रत्येक पोराची एक फाईल. लिहिलेला एकही कागद फेकायचा नाही, पहिल्या गिचमिडीपासून सगळे खर्डे त्यात लावायचे. प्रत्येक पोराशेजारी एक मोठं माणूस. त्यानं चुका काढायच्या नाहीत, पेन्सिलीनं फक्त प्रश्न लिहायचा. पोरानं उत्तर शोधून पुन्हा लिहायचं. प्रश्न संपले की मोठ्या माणसानं सही करायची आणि फाईल बंद.

मी जन्मभर पाटबंधारे खात्यात क्लार्क. एवढ्या फायली हाताखालून गेल्या, पण बंद झालेली बघितली नव्हती. म्हटलं, मरायच्या आधी एक बघू!

*

माझ्या वाट्याला ओंकार आला. त्यांची म्हैस मेली होती. मी थोडं मार्गदर्शन केलं. पोरानं लिहिलं, ‘उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, आमची म्हैस मृत झाली असून सदर गोठा रिक्त आहे.’

मॅडमनी वाचलं. ‘‘आबा, म्हैस मेली की रिटायर झाली?’’

शेजारच्या बाकावर रशीदमामा होते. रांजणगावच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेले होते. त्यांनी ओंकारला त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘गोठ्यात आवाज कशाचा येत हुता?’’

‘‘कशाचाच न्हाई.’’

‘‘मोठ्यानं!’’

‘‘कशाचाच न्हाई, मामा! म्हणून तर आई सारखी उठून बघाया जाती!’’

‘‘मंग ह्ये लिव्ह की. आबांचं खातं घाल चुलीत.’’

*

मामांच्या बाकावर स्वाती, सातवीतली. घरी शेवंतीचा मळा. पहिल्या खर्ड्यात तिनं लिहिलं, ‘शेवंती हे सुंदर फूल आहे.’ खाली मामांची पेन्सिल : ‘तोडणीला आवाज कशाचा येतो?’

स्वाती वैतागली. ‘‘फुलाला कसला आलाय आवाज?’’

‘‘कानात बोळं घालून तोडतीस व्हय?’’

पुढच्या शनिवारी खर्डा आला. ‘फूल तुटताना टक् आवाज येतो. त्याच्या मागं आई कण्हते. आई म्हणते, मी न्हाई कण्हत.’

मामांनी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. मग म्हणाले, ‘‘आबा, ह्या पोरीची फाईल मी एवढ्यात बंद करत नसतो.’’

स्वातीला मात्र सही हवी होती. ओंकारला मिळाली होती ना!

*

एकदा तपासणीला साहेब आले. फायली चाळून म्हणाले, ‘‘एवढी खाडाखोड? शेवटची प्रत ठेवा, बाकी काढून टाका.’’

मामा म्हणाले, ‘‘मोठ्यानं बोला, साहेब.’’

साहेबांनी पुन्हा सांगितलं.

‘‘अजून मोठ्यानं. प्रेस शॉपचा मानूस हाय मी.’’

सगळा वर्ग बघायला लागला. पोरांसमोर तेच वाक्य ओरडायला काही साहेबांना जमेना. शेवटी ते ओरडले, ‘‘छान चाललंय!’’

साहेब गेल्यावर मी मामांना विचारलं, ‘‘पहिल्यांदा काय म्हणाले, कळलं होतं का?’’

‘‘व्हटावरून सगळं कळतं,’’ मामा म्हणाले.

*

मग मामा आजारी पडले. लेकीनं त्यांना दौंडला नेलं, दवाखान्यात घातलं. स्वातीनं नवा खर्डा माझ्या पिशवीत टाकला. ‘‘सही घेऊन या, आबा.’’

वॉर्डात मी वाचायला लागलो. ‘‘मोठ्यानं,’’ मामा म्हणाले. सरकारी नोकरीत मी शिपायावरसुद्धा कधी आवाज चढवला नव्हता. तिथं मात्र सगळ्या वॉर्डाला शेवंती ऐकवली! शेवटी होतं, ‘आता आई कण्हली की मी गाणं म्हणते. मग ती कण्हते ते तिला ऐकू येत नाही.’ समोरच्या खाटेजवळची बाई तोंडावर पदर घेऊन बसली. नर्स दारात आली होती. रागवायलाच आली असणार, पण रागावली नाही.

मी पेन पुढं केलं. मामांनी मान हलवली.

‘‘एक प्रश्न ऱ्हायलाय. शनिवारी येतो म्हणावं.’’

शनिवारच्या आधीच त्यांना दौंडच्या कब्रस्तानात नेलं. मी गेलो होतो.

*

त्या शनिवारी स्वाती तिच्या बाकावर बसली होती. शेजारची जागा कुणी घेतली नव्हती. मॅडम हळूच म्हणाल्या, ‘‘आबा, तिच्या फाईलवर तुम्हीच सही करा. पोरीला बरं वाटेल.’’

मी पेन काढलं. स्वातीनं फाईलवर हात ठेवला.

‘‘मामांचा प्रश्न ऱ्हायलाय.’’

‘‘मी विचारतो एखादा,’’ मी म्हणालो.

‘‘तुम्ही नगं. मीच इचारते.’’ तिनं कोरा कागद पुढं ओढला, पेन्सिल धरली. ‘‘तुम्ही दौंडला गेलता ना? मला न्हाई नेलं कुणी. तिथं आवाज कशाचा येत हुता?’’

मी खिडकीकडं बघितलं.

‘‘मातीचा,’’ मी म्हणालो.

स्वातीनं पेन्सिल टेकवली नाही.

‘‘मोठ्यानं, आबा.’’