नाईलकाठचा देशी कापूस

माझे वडील धरणगावच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापसाचा पुंजका दोन अंगठ्यांत धरायचा, हलकेच ओढायचा आणि धागा किती लांब आहे ते नजरेनं सांगायचं, हे त्यांचं काम. जिनिंगच्या ऑफिसात परदेशी व्यापाऱ्यांची पत्रं यायची. पत्रं फायलीत जायची, पाकिटं रद्दीत. त्या रद्दीतून वडिलांनी तिकिटं काढायला सुरुवात केली, आणि पुढं फक्त कापसाची तिकिटं जमवायची असं ठरवून टाकलं. इजिप्तचं बोंड, सुदानमधली वेचणी, युगांडातल्या गाठी. सुरतेपलीकडं ते कधी गेले नाहीत, पण जगात कापूस कुठं कुठं पिकतो ते त्यांना पाठ होतं.

एक तिकीट मात्र त्यांना कधी मिळालं नाही. कुणा व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की नाईल नदीवर कापूस वाहणारी एक बोट कंपनी होती आणि तिची स्वतःची तिकिटं होती. वडिलांनी पुष्कळ ठिकाणी विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. जायच्या आदल्या वर्षी दवाखान्यात पडल्या पडल्यासुद्धा ते म्हणाले होते, "ते बोटीचं तेवढं राहिलं."

ते गेल्यावर अल्बम माझ्याकडं आला. मी जळगावच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघते. तिकिटांतलं मला काही कळत नव्हतं, पण अल्बम बंद करून ठेवणं जमेना. म्हणून मी व्हॉट्सॲपवर तिकीट जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरले. खानदेशातली तीसेक माणसं होती त्यात. तिथंच मला नाना भेटले.

नाना धुळ्याचे, निवृत्त चित्रकला शिक्षक. ग्रुपमध्ये कुणी ऑनलाइन घेतलेल्या तिकिटाचा फोटो टाकला की सगळे नानांच्या उत्तराची वाट बघत. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी मला तीन तास शिकवलं. नोटा तपासायचा निळा दिवा लावून दाखवला. जुना कागद त्याखाली मंद राहतो, नवा पांढराशुभ्र चमकतो. भिंगातून छपाई दाखवली. जुन्या तिकिटाची रेघ सलग असते, आजच्या छपाईत रंगीत ठिपके दिसतात. शिक्का मारलेलं तिकीट पाकिटावरून सोडवलेलं असतं, त्यामुळं मागचा डिंक धुतलेला असायला हवा. शिक्का आहे आणि डिंकही ताजा आहे, असं दिसलं की सावध व्हायचं.

"आणि खऱ्या-खोट्याशिवाय एक तिसरी जात राहस," नाना म्हणाले. "खोटं तिकीट म्हणजे खऱ्याची नक्कल. पण काही तिकिटांचं खरं कधी नव्हतंच. नसलेलं बेट, नसलेलं राज्य, नसलेली कंपनी. त्याची नक्कल म्हणता येत नाही. ती नुसती कल्पना शे." त्यांच्या खानदेशी बोलीत 'शे' म्हणजे आहे आणि 'शेत' म्हणजे आहेत.

त्यांच्या घरी मग मी महिन्या-दोन महिन्यांनी जाऊ लागले. जळगावहून सकाळची एसटी धरायची आणि संध्याकाळी परत यायचं. त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणायचे. त्या ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर करून ठेवायच्या. नाना मला "पोरी" म्हणत. वडील गेल्यावर मला त्या हाकेनं बरं वाटायचं, हे आज लिहितानाही नाकारता येत नाही.

अशाच एका दुपारी मी त्यांना बोटीच्या तिकिटाची गोष्ट सांगितली. नानांनी पुष्कळ विचारलं. बोट कसली, वाफेची का? किंमत कोणत्या नाण्यात असेल? वडिलांना काय वाटायचं, चित्र कसलं असेल? मी म्हटलं, बोट असेल आणि शेजारी कापसाची फांदी असेल, असं ते म्हणायचे. पुढच्या खेपेला जाताना मी नानांसाठी माझ्या गच्चीवरच्या कुंडीतली देशी कापसाची एक फांदी नेली. त्यांना चित्र काढायला आवडेल असं मला वाटलं. नेण्याआधी तिचा फोटोही काढला होता.

त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी, जुन्या वस्तू विकल्या जातात अशा एका साईटवर मला ती दिसली. चार तिकिटं. वाफेची बोट, शेजारी कापसाची फांदी, खाली रोमन अक्षरांत कंपनीचं नाव, त्यावर काळा गोल शिक्का. माहितीत लिहिलं होतं की ही खासगी तिकिटं फार थोडी छापली गेली, म्हणून कुठल्याही सूचीत नाहीत. विकणारा सुरतचा होता. मी लगेच नानांना फोन केला.

त्यांनी फोटो पाहिले. मग म्हणाले, "घेई टाक पोरी. तुना बापनं जलमभर शोधं ते."

मी घेतली. पार्सल आल्यावर ती धुळ्याला घेऊन गेले. नानांनी निळा दिवा लावला. कागद मंद राहिला. मग त्यांनी स्वतःच्या भिंगातून प्रत्येक तिकीट नीट पाहिलं. मी शेजारी बसले होते. भिंग मागावं असं माझ्या मनातही आलं नाही.

"रेषा सलग शेत," ते म्हणाले. "जुनी शेत."

त्या वर्षी वडिलांच्या श्राद्धाला मी ती चार तिकिटं फोटोपुढं ठेवली. भाऊ, वहिनी, सगळ्यांना बोटीची गोष्ट सांगितली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पुढं जळगावात तिकिटांचं एक छोटं प्रदर्शन भरणार होतं. वडिलांचा अल्बम मांडायचा असं मी ठरवलं. प्रत्येक तिकिटाखाली दोन ओळी लिहायच्या होत्या. बोटीच्या तिकिटाशी आले आणि वाटलं, हा नाईलकाठचा कापूस नेमका कोणत्या जातीचा ते लिहावं. वडिलांनी लिहिलंच असतं. चित्र बारीक होतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी एक तिकीट लॅबमधल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं.

पहिल्यांदा दिसले ते ठिपके. निळे, गुलाबी, पिवळे. मला वाटलं काच घाण असेल. काच पुसली, दुसरं तिकीट ठेवलं. तेच. बोटीचा धूर, पाणी, फांदी, आणि ज्याला मी शाई समजत होते तो शिक्कासुद्धा, सगळं ठिपक्यांचं होतं. मी तिकीट उलटं केलं. मागं डिंक तसाच होता, एकसारखा आणि चकचकीत. महिनोन् महिने ते तिकीट माझ्याकडं होतं आणि मी एकदाही उलटून पाहिलं नव्हतं.

तरीही तोवर मी मनात म्हणत होते, नानाही फसले. त्यांचं वय झालंय, नजर अधू झाली असेल. आता त्यांना कसं सांगायचं याचीच मला काळजी लागली.

मग मी फांदीकडं पाहिलं. इजिप्तच्या कापसाचं पान रुंद असतं. हे पान खोल चिरलेलं होतं, बोटं पसरल्यासारखं. बोंड खाली मान घालून लोंबत होतं. असं बोंड आमच्याकडच्या देशी कापसाचं असतं, हे मला वडिलांनी शाळेत असतानाच दाखवलं होतं. आणि वरून दुसऱ्या पानाचं मधलं बोट अळीनं अर्धं खाल्लेलं होतं. चित्रकारानं ती खाल्लेली कडासुद्धा इमानानं काढली होती.

मी मोबाइल काढला. गच्चीवरच्या फांदीचा फोटो शोधला. वरून दुसरं पान, मधलं बोट, अळीनं खाल्लेलं.

लॅबमध्ये रिपोर्टसाठी माणसं थांबली होती. मी उठून त्यांचे रिपोर्ट दिले. एका बाईंना साखरेचं कसं सांभाळायचं तेही समजावून सांगितलं. नंतर बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

रविवारी धुळ्याला गेले. एसटीत पारोळ्यापर्यंत काय बोलायचं ते ठरवत होते. त्यापुढं काहीच ठरवलं नाही. नाना नेहमीसारखे म्हणाले, "ये पोरी, बस." मी तिकिटं आणि मोबाइलमधला फोटो त्यांच्यापुढं शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी चष्मा लावला, पाहिलं आणि चष्मा काढून मिटून ठेवला.

"पान बदलायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

एवढंच. मग ते हळूहळू बोलले. चित्र त्यांनीच काढलं होतं. कागद शाळेच्या जुन्या हजेरीपटांची मागची कोरी पानं. सुरतेत एकजण छापून, कडांना दाते पाडून द्यायचा आणि तोच साईटवर विकायचा.

"माझ्या वडिलांची गोष्ट मी तुम्हाला सांगितली होती, नाना."

"म्हनीसनच काढं ना," ते म्हणाले. "तुले जे पाहिजे व्हतं ते तुले मिळनं. बाप खूश, तू खूश. कोणाचं काय वाईट व्हयनं?"

"श्राद्धाला ठेवली होती मी ती."

 त्यांनी उठून कपाटाचा खालचा खण उघडला. मला वाटलं पैसे परत देताहेत. तो एक जाडजूड पुठ्ठ्याचा फोल्डर होता. आत त्यांची चित्रं होती, पेन्सिलीची आणि रंगवलेली. एक लहानसं संस्थान, एक अरुंद रेल्वे, एक बेट आणि त्यावरचं दीपगृह. सुंदर होती चित्रं. त्यांना ती मला दाखवायची होती. मी पानं उलटत गेले आणि मला एकेक माणूस ओळखू येऊ लागला. संस्थान एका जैन आबांचं. दोंडाईच्याला त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि त्यांचे आजोबा त्या संस्थानात मुनीम होते, असं ते ग्रुपवर सारखं सांगत. रेल्वे वरणगावच्या एका निवृत्त कामगाराची. ज्यानं ज्यानं मन मोकळं केलं होतं, त्याच्या मनातलं तिकीट तिथं होतं.

अक्का दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं ते मला कळलं नाही. कप ठेवून त्या आत गेल्या, आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

"ग्रुपवर तुम्ही लिहा," मी म्हटलं.

"या वयात?"

"मग मी लिहिते."

"लिही. फक्त मन्हं नाव नको लिहू."

मी नाव लिहिलं. ठिपक्यांचा फोटो, पानाचा फोटो, सगळं टाकलं. दोन दिवसांनी एकानं लिहिलं की म्हाताऱ्या माणसाला असं चव्हाट्यावर आणायला नको होतं. दोघा-तिघांनी त्याखाली अंगठ्याचं चिन्ह टाकून दुजोरा दिला. नाना ग्रुपमधून बाहेर पडले, आणि त्यांच्यामागं आणखी सात-आठ जण. प्रदर्शनात मी अल्बम मांडला नाही.

दोंडाईच्याचे आबा स्वतः जळगावला आले. रेल्वेनं आले, धोतराच्या सोग्यात प्लास्टिकची छोटी पिशवी. "ताई, एकदा बघून घ्या," म्हणाले. त्यांची संस्थानाची सहा तिकिटं मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मला सांगावं लागलं. त्यांनी स्वतः वाकून एकदा आत पाहिलं, ठिपके पाहिले, आणि तिकिटं जशी आणली होती तशी पिशवीत भरली.

"फेकून देणार का?" मी विचारलं.

"नाही ताई. आजोबांच्या फोटोमागं ठेवली होती, तिथंच राहू देत. नातवंडांना काय सांगायचं ते मी बघतो." जाताना त्यांनी माझे आभार मानले. ते मला सगळ्यात जड गेलं.

माझी चार तिकिटं मी अल्बममधून काढली. ती जागा मोकळी आहे. आता मी वडिलांची खरी तिकिटंही एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली घालते. इजिप्तची झाली, सुदानची झाली, सगळी नीट निघाली. तरी प्रत्येक तिकीट उलटून मी त्याची मागची बाजूही बघते. वडिलांच्या मांडीवर बसून जी तिकिटं मी बघितली, त्यांच्याकडं अशा नजरेनं बघायची वेळ नानांनी माझ्यावर आणली, याचा राग अजून गेलेला नाही. पैशांचा राग केव्हाच गेला.

गेल्या महिन्यात अक्कांचा फोन आला होता. म्हणाल्या, त्यांनी चित्रं काढणं बंद केलंय. कुणाशी बोलत नाहीत. तुझी आठवण काढतात. एकदा येऊन जा.

मी "बघते" म्हटलं. अजून गेलेले नाही.