नागलीचा बंदोबस्त

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, दुधनी गावच्या एका उतारावरची नागली, म्हणजेच नाचणी, मी करपा रोगापासून वाचवली. एकही रोप शिल्लक न ठेवता.

तेव्हा मी राखोलीच्या एका कारखान्यात बाटल्यांच्या झाकणांची तपासणी बघायचो. चार झाकणं वाकडी निघाली की अख्खा लॉट भंगारात. वीस वर्षं हेच केल्यावर नजरही तशीच होते.

हाताखालचा एक ऑपरेटर दुधनीचा. एका रविवारी त्याने शेत दाखवायला नेलं. खाली भात, वर उतारावर नागली. भाताच्या लोंब्या मानेशी काळ्या पडून मोडल्या होत्या. दाणा दाबला तर आत काहीच नाही. त्याची आई बांधावर बसली होती.

"भात गेला. आता वर्षभर नागलीचीच भाकर," ती म्हणाली.

मी रंगमंचावर शोभेल असा हात उंचावला. "आधी ती नागली उपटा! उद्या रोग तिच्यावर चढेल, परवा सगळ्या शिवारावर. जाळून टाका!"

"तिला काय झालंय, भाऊ? हिरवीगार तर हाय."

"आये, सायेब रोज हेच काम करतात," मुलगा म्हणाला. "त्यांना कळतं."

या विश्वासाचं मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं!

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी नुकती कणसं धरलेली नागली उपटली. ओली होती, पेटेना, म्हणून खाली गुरांचा पेंढा घातला.

आठवड्याने कृषी खात्यातल्या एक बाई आल्या. भात पाहिला, मग उतारावरची राख. हकिगत ऐकून घेतली.

मग म्हणाल्या, "करप्याच्या बुरशीतही घराणी असतात. भातावरची बुरशी वाऱ्याने नागलीच्या पानावर पडते, शिरायलाही बघते. पण नागली तिला ओळखते आणि तिच्याभोवतीचा स्वतःचाच ठिपकाभर भाग मारून टाकते. बुरशी उपाशी मरते. तुमच्या भाताला ती ओळखताच आली नाही. नागलीचा करपा वेगळा, आणि तो इथे नव्हता. पीक बहुतेक हाती लागलं असतं."

पुन्हा पेरायला हंगाम उरला नव्हता. ऑपरेटर माझ्याकडे न बघता पायाने राख सारत राहिला. मी घसा खाकरला. भाषण तयार होतं. तेवढ्यात म्हातारी मुलावर ओरडली,

"अरं, त्या नागलीला कळतं मारायचं ते ठिपकाभरच, तुझ्या सायबाला नाय कळलं!"